शेंडेबाईंचा अंबाडा

बाळंतिणींच्या वॉर्डात शिरण्यापूर्वी शेंडेबाई दारातच थांबत आणि अंबाडा सोडून पुन्हा घट्ट बांधत. केसांचे आकडे दातांत धरून बोलत, त्यामुळे त्यांचं निम्मं रागावणं आम्हाला कळतच नसे. बालाघाटच्या त्या इस्पितळात बाळंतपणं करणाऱ्या त्या एकट्याच डॉक्टर. मी नागपूरला डॉक्टरकी शिकत होते. सुट्टीत घरी आले की बाई मला हाताखाली घेत.

आमच्या भागात एखादी बाई बाळंतपणात अडली की घरचे लोक गाठी सोडतात. तिची वेणी, लुगड्याची गाठ, पेटीचं कुलूप, सगळं मोकळं करायचं, म्हणजे तीही मोकळी होते. नातेवाईक वॉर्डातही तेच करत आणि बाईंच्या अंगाचा तिळपापड होई. "काहून वं, कुलपातून येते का लेकरू? इथं यायले उशीर कराचा अन् गाठी सोडत बसाच्या!" मग माझ्याकडे वळून म्हणत, "माझा भरोसा टाक्याच्या गाठीवर. बाकी सब झूठ."

एका उन्हाळ्यात उकव्याच्या खाणीवरून यमुना आली. खाणकामगाराची बायको, माझ्याच वयाची. घरी कळा देऊन देऊन पार थकली होती. सासूनं आल्या आल्या तिची वेणी सोडली, मग कपड्यांचं बोचकंही सोडलं.

"बाहेर व्हा आधी!" बाई कडाडल्या.

म्हातारी निघाली. दारातून वळून म्हणाली, "बाई, माही पोरगी वाचवजा." सुनेला ती पोरगीच म्हणत होती.

पोट उघडून बाळ काढावं, तर भूल देणारे डॉक्टर बाहेरगावी गेलेले. बाईंनी बाळाच्या डोक्याला चिमटे लावले. बाळ काही सरकेना. यमुनेची नाडी माझ्या बोटांखाली हरवायला लागली. तेवढ्यात बाई अगदी हळू म्हणाल्या, "माझा अंबाडा सोड."

मी नाडी धरूनच होते.

"माझे हात गुंतलेत. आकडे काढ, लवकर."

मी एकेक आकडा काढला. केस बाईंच्या पाठीवर सुटले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

बाळ आलं, रडलंही. मुलगी होती. यमुनेचं रक्त मात्र थांबेना, आणि रक्त चढवायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. दुपारी ती गेली.

बाई व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसल्या, केस तसेच मोकळे. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला तर डॉक्टरकीच सोडून द्यावीशी वाटत होती. कोपऱ्यात नातीला कवटाळून रडणारी म्हातारी उठली. बाळ माझ्या हातात देऊन ती बाईंच्या मागे जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता शिव्या घालणार. 

तिनं बाईंचे केस गोळा केले, पीळ दिला आणि अंबाडा बांधला. माझ्या खिशातले आकडे मागून घेतले आणि नीट खोचले.

"तुमी बी सोडली होती ना गाठ," ती म्हणाली. "आता बांधूनच ठेवा बाई. अंदर अजून बाया हायेत."

बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि त्या आत गेल्या.