जास्वंदीला ओतलेलं दूध

अळिवाचे लाडू निम्मे वळून झाले आणि मिश्रण हाताला घट्ट लागू लागलं, म्हणून मालुबाई परसातल्या चुलीवरचं गरम पाणी आणायला गेल्या. जास्वंदीच्या बुडाशी बाळंतीण सून तेजस्वी पाठमोरी उकिडवी बसली होती. हातातली वाटी तिनं हळूच मुळाशी ओतली. दूध होतं.

अंगावरचं दूध पायदळी जाऊ नये, झाडाला घालावं, हे मालुबाईंनीच तिला शिकवलेलं. पण ते उरल्यासुरल्या दुधाचं. आज सकाळीच आशा सेविका करिष्मा वजनकाटा घेऊन आली होती. तेवीस दिवस झाले तरी पोर जन्माच्या वजनाला पोचली नव्हती, बाटलीनं दोनदा जुलाब झाले होते. तेव्हा हीच खाली मान घालून म्हणाली होती, "दूधच येत न्हाय, ताई."

"जास्वंदीला बाळसं धरायचंय व्हय गं?" मालुबाई म्हणाल्या.

तेजस्वी दचकली. पदर सावरत उठली. "आत्या, माझं दूध बाधंल तिला. दिवस भरेपर्यंत विड्या वळत होते. तुमचं पहिलं लेकरू तंबाखूच्या दुधानं गेलं, तुम्हीच सांगितलंय की."

मालुबाई चुलीपाशीच खाली बसल्या. व्हय, सांगितलं होतं. मांडीवर सुपं घेऊन दोघी विड्या वळत बसायच्या, तेव्हा किती वेळा. तंबाखूच्या वखारीतल्या सोबतच्या बाया म्हणाल्या, तंबाखू दुधात उतरली, आणि मालुबाईंनी ते धरून ठेवलं. देवापुढं रोज दिवा लावताना मात्र ते बोल जिभेवर यायचे नाहीत.

"बस हितं," त्या म्हणाल्या. "त्यो माझ्या दुधानं गेला न्हाय. माझं दूध त्याला मिळालंच न्हाय. दिवस उगवायच्या आधी मी निपाणीला वखारीत जायची. तान्ही पोरं आत आणायची मुभा नव्हती. घरात शेळीच्या दुधात पाणी घालून पाजायचे त्याला. दुपारपतूर माझी चोळी भिजायची, अन् मी भिंतीकडं तोंड करून पिळून टाकायची. पाचव्या महिन्यात हगवण लागली, तीन दिवसांत गेला. कामावर गेले म्हणून गेला, असं कसं बोलायचं? तंबाखूवर घातलं, झालं."

आत पोर रडू लागली, तसे तेजस्वीच्या झंपरावर दोन ओले डाग उमटले.

"पण तंबाखू..." ती पुटपुटली.

"विड्या वळणाऱ्या बायांस्नी करिष्मा काय सांगती? हात साबणानं धू, लुगडं बदल, अन् पाज. देवानं तिच्या नावानं धाडलंय ते. विडीचं मी बघते."

तेजस्वीनं कोपरापर्यंत हात धुतले, लुगडं बदललं. पोरीनं आधी तोंड फिरवलं, बाटलीची सवय. पुन्हा धरलं, सुटलं. मालुबाईंनी तिची मान सावरून धरली. तिसऱ्या खेपेला धरलं. तेजस्वी डोळे मिटून रडत होती, आणि पोर घटाघटा पीत होती.

मालुबाईंनी कोपऱ्यातलं पानांचं आणि तंबाखूचं गठुडं बांधलं. ते आत्ताच ठेकेदाराला परत द्यायचं होतं, आणि पाजणं नीट जमतंय का ते बघायला येताना करिष्माला घरी घेऊन यायचं होतं.