काकांना लस कोणी दिली?

समजा, तुमच्यासमोर पंज्याएवढी प्लॅस्टिकची प्लेट ठेवली आहे. तिच्यात शहाण्णव वाट्या, प्रत्येक वाटी शर्टाच्या बटणाएवढी. एकेका वाटीत तुम्हाला एकेका मुलीचं सीरम सोडायचंय, म्हणजे रक्त गोठून खाली बसलं की वर उरतं ते पिवळट पाणी. एकीचा थेंब दुसरीच्या वाटीत उडाला की सकाळपासूनची मेहनत मातीत. शिंक आवरायची, नाकावरची खाज आवरायची, आणि नळीचं झाकण काढताना हातमोज्यावर जो बुळबुळीत ओघळ येतो, त्याच्याकडे बघायचं नाही.

ती बघायची. बघून तोंड वाकडं करायची आणि हातमोजे बदलायची. नळ्या, झाकणं, दुसऱ्याने पुढे केलेलं पेन, सगळं ती चिमट्याने उचलायची, म्हणून प्रयोगशाळेत तिचं नाव चिमटाबाई पडलं होतं. चौदा वर्षं तिने अशा प्लेट भरल्या होत्या आणि चौदा वर्षांत एक थेंब इकडचा तिकडे झाला नव्हता.

सध्याचं काम पापिलोमा विषाणूच्या लसीचं होतं. हा विषाणू अंगात ठाण मांडून बसला, तर पुढे बायकांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर होऊ शकतो. सात वर्षांपूर्वी एकशे साठ शाळकरी मुलींना या लसीचा एकच डोस दिला होता. एकात भागलं का, की दुसरा द्यायचा, एवढाच प्रश्न. रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारी शरीराने बनवलेली प्रथिनं, टिकली असतील तर दुसरा डोस नाही, असं आधीच ठरलं होतं. त्या एकशे साठांत चिमटाबाईची भाचीही होती. नळ्यांवर नुसते क्रमांक होते, त्यामुळे तिची नळी कुठली हे मावशीला कळायची सोय नव्हती.

निकाल असा आला की विभागाच्या मोठ्या सरांनी केक मागवला.

"एकही मुलगी कोरी नाही!" सर म्हणाले. क्रीमचं बोट चाटून त्याच बोटाने त्यांनी अहवालाचं पान उलटलं. पानावर डाग उमटला. "काय चिमटाबाई, केकसुद्धा चिमट्यानेच खाणार का?"

सगळे हसले. तिने केक तसाच ठेवला. अहवालातले आकडे ती पुन्हा वरून खाली वाचू लागली. एकशे साठ माणसं, आणि एकही आकडा कमी नाही? माणसाचं रक्त इतकं शिस्तीचं नसतं.

आठ नळ्या पुन्हा तपासायच्या राहिल्या होत्या. कोरं सीरम, म्हणजे लस न घेतलेल्या लहान मुलांचं विकत आणलेलं, नेमकं संपलं होतं. प्लेटमध्ये एक तरी वाटी अशी लागते जिथे काहीच दिसता कामा नये. तिने सामानखोलीच्या काकांना गाठलं. निवृत्तीला आलेला गडी, लस या जन्मात घेतलेली नाही.

"घे बाई, घे," काकांनी बाही वर केली. "फुकट रक्त मागायला डास येतात आणि तू."

त्यांच्या बोटांवर चामखिळींची रांग होती, करड्या, खडबडीत, फुलकोबीच्या तुऱ्यांसारख्या. चिमटाबाईने नजर छताकडे लावली.

दुसऱ्या दिवशी यंत्राने आकडे दिले. आठ मुलींचे आकडे छान होते. काकांचा त्याहून छान होता.

"काका, तुम्हाला लस कोणी दिली?"

"मला? बायकांची? कसली थट्टा करतेस म्हाताऱ्याची!"

ती हसली नाही. तिच्या डोळ्यांसमोर त्या चामखिळी आल्या. चामखीळ उठवणारे विषाणू पापिलोमाच्याच खानदानातले, चुलत-मावस भाऊ म्हणा. प्लेटच्या तळाला जे लावलेलं असतं, ते लसीत असतं तेच: विषाणूचं पोकळ टरफल, आत काही नसलेलं. टरफल अखंड असेल, तर खऱ्या विषाणूला अडवणारी प्रतिपिंडं त्याच्या बाहेरच्या नक्षीला चिकटतात. ते फुटलं, तर आतला भाग उघडा पडतो, आणि आतून सगळे भाऊ सारखेच दिसतात. मग चामखिळींची प्रतिपिंडंसुद्धा त्या चुऱ्याला चिकटतात. यंत्राला काय, चिकटलं की आकडा, मग तो काकांचा असो की चामखिळी होऊन गेलेल्या मुलीचा.

आणि टरफल फुटतं कशाने? गोठवून, वितळवून, पुन्हा गोठवल्याने.

तिने फ्रीजर उघडला. या प्रयोगशाळेत काही फेकायचं नाही, असा सरांचा दंडक होता. प्लेटला लावून कुपीत उरलेली टरफलं परत फ्रीजरमध्ये जायची. या काटकसरीबद्दल गेल्या वर्षी सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं ते चिमटाबाईचं. चिमट्याने तिने कुपी उचलली. झाकणावर निळ्या शाईच्या रेघा होत्या, प्रत्येक वेळी वितळवल्यावर मारलेल्या, सरळ, समान अंतरावर. पाच. हात तिचाच होता.

बेसिनपाशी जाऊन तिने कोपरापर्यंत हात धुतले. मग पुन्हा धुतले. दुसऱ्यांच्या घाणीची किळस तिला सवयीची होती. स्वतःची पहिल्यांदाच आली, आणि ती साबणाने जाईना.

तिने सरांना सगळं सांगितलं. सर शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "काकांचा नमुना वगळा."

"सर, चूक काकांच्या रक्तात नाही. प्लेटमध्ये आहे. माझ्यामुळे आहे."

"कोण विचारतंय कोणामुळे? अहो, लहान मुलांचं सीरम परवा येईल. ते कोरंच दिसेल."

"दिसेलच. त्यांना अजून चामखिळी झालेल्या नसतात."

"तुम्हाला ना, प्रत्येक गोष्टीची किळस येते!" सर हसले, आणि खांद्यावर थोपटायला हात पुढे केला. ती एक पाऊल मागे सरकली. इतक्या गोड आवाजात इतकी नासकी गोष्ट तिने पूर्वी ऐकली नव्हती. "अहवाल पुढच्या आठवड्यात जायचाय. लस चांगलीच आहे, तुम्हालाही माहितीये."

लस चांगली होती, याबद्दल तिला शंका नव्हती. म्हणूनच तिला जास्त शिसारी आली. चांगल्या मालाला खोटा शिक्का कशाला?

उरलेल्या सीरमवर तिने दुसरी चाचणी लावली, वेळखाऊ आणि खरी. बशीत जिवंत पेशी वाढवायच्या. त्यांच्यावर खोटा विषाणू सोडायचा: टरफल अस्सल आणि अखंड, पण पोटात रोग नाही, नुसता चमकण्याचा निरोप. तो पेशीत शिरला की पेशी चमकते. सीरमने त्याला वाटेत अडवलं, तर अंधार. तीन दिवसांनी तिने बशा तपासल्या. काकांच्या वाट्या दिवाळीत दिवे लावावेत तशा झगमगत होत्या. अडवायला कोणी नव्हतंच. मुलींपैकी एकशे एकवीस जणींच्या वाट्या काळ्याभोर. एकोणचाळीस जणींच्या चमकत होत्या.

अभ्यासावर देखरेख करणारी समिती होती. तिने त्यांना पत्र लिहिलं आणि पहिल्याच वाक्यात पाच रेघांची कबुली दिली. प्रत सरांच्या टेबलावर ठेवली. त्या दिवसापासून सरांनी तिला नावाने किंवा टोपणनावाने, कशानेच हाक मारली नाही. "अहो, तुम्ही," एवढंच. अहवाल थांबला. काही नमुने दुसऱ्या चाचणीत नापास झाल्याचं कळवून मुलींना पुन्हा रक्त द्यायला बोलावणं गेलं.

बोलावणं पोचताच बहिणीचा फोन आला.

"काय गं, काय घोळ घातलात तुम्ही लोकांनी?"

"मी घातला, ताई."

"बरं. मला शास्त्र नको सांगूस. माझी लेक त्या नापास झालेल्यांतली आहे का?"

"मला माहीत नाही. नळीवर नाव नसतं."

"आणि असली तर? म्हणजे तिला काहीच संरक्षण नाही?"

"तसंही नाही गं. चाचणीला दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं नसतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत अगदी नखाएवढी मात्राही पुरून उरलीये, यंत्राला न दिसणारी."

"मग तिच्यात आहे तेवढं पुरेल की नाही? हो म्हण नाहीतर नाही म्हण. चौदा वर्षं काय वाट्याच भरल्यास?"

"दुसरा डोस देऊन टाक. त्याने नुकसान नाही."

"ते देईनच. मी विचारलं काय आणि तू सांगतेस काय!"

ताईने फोन ठेवला. चिमटाबाईने लस आल्यापासूनचे अहवाल काढले. किती प्रतिपिंडं मोजली, ते प्रत्येकात होतं. किती लागतात, ते एकातही नव्हतं. एकोणचाळीस चमकत्या वाट्यांचा कागद तिने समोर ओढला, हाताने, आणि ती एकेका आकड्यापाशी थांबू लागली. या मुलीला हे पुरेल? आणि हिला, हिच्याहून निम्मं आहे तिला? माणसाच्या रक्तात कमीत कमी किती असलं, म्हणजे विषाणू दारातूनच परत जातो?