गैरसोयीबद्दल दिलगीर

वीज कंपनीच्या तक्रार कक्षात दिवसभर फोन घेणाऱ्या एका बाईला मागच्या रांगेतल्या मुली ‘दिलगीरताई’ म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. आणि नाव काही खोटं नव्हतं. सकाळी कानावर हेडफोन चढला की संध्याकाळी उतरेपर्यंत ती दिलगीर असायची. कुणाचं फ्रीजमधलं दूध नासलं, ती दिलगीर. कुणी लिफ्टमध्ये अडकलं, ती दिलगीर. घरी जायला निघेपर्यंत सगळी दिलगिरी वाटून संपलेली असे, मग बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला तरी तिच्या तोंडून शब्द फुटत नसे.

वाक्यं तिची नव्हतीच. टेबलासमोर पुठ्ठ्यावर छापून चिकटवलेली होती. ‘आपल्या भावना आम्ही समजू शकतो.’ ‘आपलं सहकार्य मोलाचं आहे.’ ‘काम युद्धपातळीवर सुरू आहे.’ युद्धपातळीवर म्हणजे एक माणूस शिडी घेऊन निघालेला, आणि तोही बहुधा वाटेत चहाला थांबलेला. वरच्या मॅडम अधूनमधून गुपचूप फोन ऐकत आणि भावना समजल्याचं वाक्य पहिल्याच दमात आलं नाही तर गुण कापत. फोनवर गप्प बसायचीही सोय नव्हती. गप्प बसलं की समोरच्याला वाटतं, यांनी हात वर केले. आणि एक शब्द मात्र पुठ्ठ्यावर नव्हता, तोंडूनही जाता कामा नये असा नियम होता: चूक. कंपनीकडून गैरसोय होते, चूक होत नाही. चूक म्हटलं की नुकसानभरपाई आलीच. नव्या मुलींना दिलगीरताई पहिल्या दिवशी हेच शिकवी, आणि शिकवता शिकवता स्वतःही पुरती शिकून गेली होती.

घरी आई होती तोवर हे खपून गेलं. आई स्वतःच एका वाक्याची धनीण. फोन कुणाचाही असो, उचलला की पहिला प्रश्न, “जेवलीस का?” चुकून लागलेल्या नंबरालाही तिनं हे विचारलं होतं, आणि तो बिचारा गोंधळून “हो” म्हणाला होता. तिच्या दोघी मुलीही, दिलगीरताई आणि तिची धाकटी बहीण, “हो हो, जेवले” म्हणून मोकळ्या होत. उत्तर खरं की खोटं, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं.

मग आई आजारी पडली, आणि धाकटी होती परदेशात, विमानानं यावं लागे इतकी लांब. ती रोज फोन करायची. “ताई, खरं सांग, मी निघू का?” आणि ताईच्या तोंडून पुठ्ठाच बोलायचा. काळजीचं कारण नाही. परिस्थिती नियंत्रणात आहे. डॉक्टरांचे प्रयत्न सुरू आहेत, काही असेल तर लगेच कळवीन. धाकटी निघाली नाही. आली ती आई गेल्यावर, चार दिवस राहिली, कपाटातल्या साड्यांना हातही न लावता परत गेली. त्यानंतर फोन नाही. ताईनं केले तर उचलायची नाही. या जगात ताईला ताई म्हणणारं ते एकच माणूस उरलं होतं, आणि तेही गेल्यातच जमा होतं.

हे असंच चाललं असतं. पण त्या आठवड्यात एका म्हाताऱ्याचा फोन आला. दोन दिवस घरात अंधार. दिलगीरताईनं सगळी वाक्यं ओळीनं म्हटली. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“बाई, तुमचं सगळं ऐकलं. आता एकदा म्हणा, आमची चूक झाली. वीज उद्या आली तरी चालेल मला.”

“आपली जी गैरसोय झाली—”

“गैरसोय झाली नाही हो. तुम्ही केलीत,” म्हातारा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. रागावून नाही. दमून ठेवला. त्यामुळेच ते तिच्या मनातून जाईना.

रविवारी दुपारी तिनं गॅसवर भात चढवला, मग अर्ध्यावरच गॅस बंद केला आणि धाकटीला फोन लावला. काय बोलायचं ते सकाळपासून घोकलं होतं. उचलणार नाही अशी खात्री होती, आणि खरं सांगायचं तर थोडी आशाही होती की उचलू नये. पण तिकडून आवाज आला.

“बोल.”

घोकलेलं सगळं पार पुसून गेलं. तोंड मात्र सवयीनं सुरू झालं. “तुला जो त्रास झाला त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. तुझ्या भावना मी समजू—”

“ताई,” धाकटी म्हणाली, “तू घरी आहेस ना?”

“हो.”

“मग असं का बोलतेस? तेव्हाही असंच बोललीस. मी तिकीट काढलं होतं, माहितीये तुला? तू नियंत्रणात म्हणालीस म्हणून रद्द केलं.”

ताईला हे माहीत नव्हतं. ती गप्प झाली. कामावर असती तर मॅडमनी गुण कापले असते, इतकी गप्प झाली. धाकटीनं फोन ठेवला नाही.

“मला कळत होतं,” शेवटी ताई म्हणाली. “डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी मुद्दाम नाही सांगितलं.”

“का?”

“तू आलीस की आई तुझ्याकडेच बघत बसायची. नेहमीच. सगळं मी करायचं, आणि तू दारात आलीस की तिचा चेहरा खुलायचा. मला वाटलं, शेवटी तरी माझ्याकडे बघू दे. चूक माझी आहे. माझीच आहे.”

शब्द गेला तोंडून. काही कोसळलं नाही. नळ ठिबकत होता, तसाच ठिबकत राहिला.

धाकटीनं विचारलं, “मग? बघितलं तिनं?”

“नाही,” ताई म्हणाली. “तुझंच नाव घेत होती.”

तिकडे धाकटी रडायला लागली. धीर देणारी किती वाक्यं पाठ होती, त्यांतलं एकही तिनं काढलं नाही. ती नुसती ऐकत बसली, कानाला फोन दाबून. इतकी थकली होती की तिला रडूही येईना. रडणं हळूहळू थांबलं. आता ही फोन ठेवणार, आणि पुन्हा कधी उचलणार नाही, असं तिनं मनाशी धरलंच होतं.

धाकटीनं नाक ओढलं.

“जेवलीस का?” तिनं विचारलं.

ताईनं ओट्याकडे पाहिलं. भात अर्धाकच्चा तसाच पडला होता.

“नाही गं,” ती म्हणाली.