अण्णांना झोपवायचे प्रयत्न

“लागली?” असं म्हणून अण्णा हात पुढे करायचे. तळहात वर, बोटं थोडी हलती. जणू पैज म्हणजे गरम भजं आहे आणि ते निवायच्या आत आपण त्यांच्या हातावर ठेवायचं आहे.

पैज कशावरही लागायची. समोरचं कुत्रं उठून कुठल्या बाजूला जाईल. चहावाला पहिला कप कुणाला देईल. शेजारच्या काकूंचं आधी भांडण संपेल की धुणं. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेलच, म्हणून जास्त समजावत नाही. फक्त एवढंच सांगते, की आमचे अण्णा कुकरवरही पैज लावायचे. आता शिट्टी होते की नाही हा वाद मिटेपर्यंत गॅसला कुणी हात लावायचा नाही, असा नियम. त्यांच्या घरचा भात मी कधी पांढरा पाहिला नाही.

अण्णा टॉवेल विणायच्या यंत्रमागावर कामाला होते. सोलापूरच्या आमच्या भागात दिवसरात्र माग चालतात आणि घरोघरी तेलुगू बोलतात. गल्लीत मराठी घर आमचं एकच. अण्णांची बायको, जिला सगळेच अक्का म्हणतात, आणि माझी आई एका ओट्यावर बसून विड्या वळायच्या. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. माझ्या बारावीच्या निकालावरही गल्लीत पैजा लागल्या होत्या, आणि मी पास होणार असं म्हणणारे अण्णा एकटे होते. ते जिंकले. जिंकलेल्या सगळ्याचे त्यांनी पेढे आणले आणि मलाच वाटायला लावले. त्यामुळे त्यांच्यावर मला कधी नीट रागावता आलं नाही.

रागवण्यासारखं मात्र होतं. कुत्र्यावरच्या पैजा गमतीच्या. खरं दुखणं मटक्याचं. कोपऱ्यावरच्या टपरीत आकडा लावल्याशिवाय त्यांना घास उतरायचा नाही. स्वप्नात म्हैस दिसली, काढ तिचा आकडा. पाहुण्याची गाडी दारात आली, काढ नंबरप्लेटचा आकडा. एक दिवस घरातला मिक्सर विकून ते पैसे आकड्यावर गेले. त्याच दिवशी अक्काही गेली, मोहोळला भावाकडे. जाताना म्हणाली, “सुटलं तर फोन करा. न सुटता केला तर मी उचलणार न्हाय.”

अण्णा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ओट्यावर बसून राहिले. समोरचं कुत्रं उठलं, कुठल्याशा बाजूला गेलं, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मग मला म्हणाले, “पोरी, तू कालेजात मनाचंच शिकतीस की. माझं जरा काढून बघ की.”

मी मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. मन काढून बघायचं आम्हाला अजून शिकवलं नव्हतं. पण संमोहनाने उपचार करणारे एक डॉक्टर कॉलेजात व्याख्यान देऊन गेले होते. मी भीत भीत त्यांचं नाव सुचवलं आणि सोबतही गेले.

डॉक्टर तरुण होते, मऊ बोलायचे. त्यांनी आधीच सांगितलं, “ही जादू नाही हं. संमोहनाची मदत होते, पण सोडायचं तुम्हालाच आहे.”

“सुटतंय की,” अण्णा म्हणाले आणि हात पुढे केला. “लागली?”

डॉक्टरांनी आपला हात खिशात घातला.

अण्णांना आरामखुर्चीत बसवून ते म्हणाले, “मी दहापासून उलटं मोजतो. तुमचं अंग हळूहळू सैल होईल.” दहा, नऊ, आठ, सात. सातला अण्णांची मान कलली. मला फार कौतुक वाटलं. आमच्या पुस्तकात होतं अगदी तसंच झालं होतं. परत येताना अण्णांनी टपरीजवळ रिक्षा थांबवली, उतरले, आणि मी तोंड उघडायच्या आधीच टपरीत डोकावून म्हणाले, “सात.”

“अण्णा! आत्ताच तर आपण—”

“अगं, मी मागितला का? डॉक्टरनं दिला. शिकलेला माणूस हाय, उगंच देईल का?”

आणि दुर्दैव असं, की सात आला.

पुढच्या खेपेला दवाखान्यात बसायला जागा नव्हती. अख्खी टपरी येऊन बसली होती. डॉक्टरांना भरून आलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, “एवढ्या लोकांना व्यसन सोडायचंय, मला कल्पनाच नव्हती.” खरं सांगायचा मला धीर होईना. ते काम पहिल्याच पेशंटने केलं. खुर्चीत टेकता टेकता तो म्हणाला, “डॉक्टर, जरा दमानं मोजा. अण्णाला कुटं झोप लागली तितंच आमाला बी लागू दे.”

त्या दिवसापासून दवाखान्यात मोजणं बंद झालं. भिंतीवरचं घड्याळ उतरलं, कॅलेंडर उतरलं. डॉक्टरांनी नवा उपाय काढला: संपूर्ण शांतता. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि हलक्या आवाजात म्हणाले, “आता कुठलाही आवाज नाही...”

अण्णा ताडकन उठून उभे राहिले. “काय तुटलं?”

इथे मागाबद्दल थोडं सांगायला हवं. ज्याचा जन्म मागाच्या खडखडाटात गेला, त्याला तो आवाज ऐकूच येत नाही. त्याला ऐकू येतं ते त्याचं थांबणं. धागा तुटला की माग थांबतो, आणि विणकर गाढ झोपेतूनही उठून धागा जोडायला धावतो. डॉक्टरांची शांतता म्हणजे अण्णांसाठी धोक्याची घंटा होती. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा शांतता झाली, पुन्हा अण्णा उभे. डॉक्टर घामाघूम. “मग मागाजवळच करू,” ते म्हणाले. आता त्यांना उपचारापेक्षा ईर्ष्या जास्त चढली होती, असं मला वाटतं. चुकत असेन.

मी घाबरत अक्काला माझ्या मोबाईलवरून फोन केला. “सुटलेलं नाही अक्का. पण अण्णा खरंच धडपडतायत. उद्या कारखान्यात मागाजवळ डॉक्टर त्यांना झोपवणार आहेत.”

“मागाजवळ झोपवणार?” अक्का म्हणाली. “मालक हाकलील की! बघते येऊन काय तमाशा हाय त्यो.”

दुसऱ्या दिवशी कारखान्यात माग जोरात चालू होते. अण्णा स्टुलावर डोळे मिटून बसले होते आणि डॉक्टर त्यांच्या कानाशी ओरडत होते, “तुम्हाला! खूप! शांत! वाटतंय!”

“कुणाला?” पलीकडच्या मागावरचा विणकर ओरडला.

“यांना!”

“मग तुमी का ओरडालाय?”

“तुमच्या मनात! आकड्याचा! विचारही! नाही!”

“आज कुठला लावला?” मागून तिसऱ्याने विचारलं. त्याला एवढंच ऐकू गेलं होतं.

थोड्या वेळात डॉक्टरांचा आवाज बसला. ओठ हलत होते, बाहेर काही येत नव्हतं. अण्णांनी एक डोळा उघडला आणि तो उघडाच राहिला. दारात पिशवी घेऊन अक्का उभी होती.

ती आत आली, डॉक्टरांना खांद्याने बाजूला सारलं आणि अण्णांच्या कानाशी तेलुगूत बोलू लागली. ती ओरडत नव्हती. मागाच्या आवाजाच्या खालून बोलायची या बायकांना सवय असते. अण्णांनी डोळे मिटले. मला तेलुगू पूर्ण येत नाही, पण त्या गल्लीत वाढल्यामुळे कळतं. ती सांगत होती, भावाकडे चहा ठेवायचा तरी विचारून ठेवावा लागतो. तिथे मागाचा आवाज नाही, डोळ्याला डोळा लागत नाही, काहीतरी बंद पडलंय असं वाटून उठून बसते. मध्येच ती “वद्दु” म्हणायची, म्हणजे नको. आधी रागाने म्हणाली. मग नुसतंच. शेवटी तर जवळजवळ विनवल्यासारखं.

तेवढ्यात अण्णांच्या मागावरचा धागा तुटला आणि तो माग थांबला. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. अण्णा उठले नाहीत. मिटल्या डोळ्यांनी अक्काच्या पिशवीचा बंद धरून बसून राहिले. शेजारच्याने येऊन धागा जोडला.

डॉक्टरांनी घशातून कसाबसा आवाज काढला, “त्यांना काय सूचना दिल्यात?”

“सूचना कुटली? नवऱ्याशी बोलले,” अक्का म्हणाली, आणि पिशवी घेऊन मोहोळच्या गाडीला न जाता घराकडे गेली.

सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. एकदा अण्णा पुन्हा टपरीवर जाऊन आले. पण आल्या आल्या त्यांनी स्वतःच अक्काला सांगितलं आणि मुकाट्याने स्टूल घेऊन बसले. त्या दिवसाची अक्काची तेलुगू मी इथे लिहू शकत नाही. त्यानंतर त्यांना टपरीवर कुणी पाहिलं नाही.

पुढे मालकाने माग शहराबाहेर नवीन शेडमध्ये हलवले, आणि अण्णा-अक्कांनीही तिकडेच खोली घेतली. सामानाचा टेम्पो गल्लीतून निघाला तेव्हा दोघं मागे गाद्यांवर बसले होते. टपरीवरून कुणीतरी हाक दिली, “अण्णा, जाता जाता एक आकडा सांगून जा की!” अक्काने चटकन आपला तळवा त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. अण्णा हसले. टपरी मागे पडल्यावर तिने हात काढला आणि घसरणारी गादी धरली. अण्णांनी डोळे उघडले नव्हते. टेम्पो वळेपर्यंत ते तसेच, मिटल्या डोळ्यांनी हसत बसले होते.