अकराव्या प्रश्नाचे उत्तर

नव्याने उभ्या राहणाऱ्या पोलाद कारखान्याच्या कामावर घेण्यापूर्वी प्रत्येक माणसाची वैद्यकीय तपासणी होत असे, आणि तपासणीपूर्वी त्याचा फॉर्म भरला जाई. तो भरणे हे माझे काम होते. पत्र्याची शेड, एक टेबल, दोन खुर्च्या. समोरच्या खुर्चीवर सहसा कोणी बसत नसे. बसा म्हटले तरी माणसे तिची पाठ धरून उभी राहत.

फॉर्म इंग्रजीत होता. भंडारा, गोंदिया, नागपूरकडून आलेल्यांना मी प्रश्न मराठीत विचारी आणि उत्तर इंग्रजीत लिही. क्षय, फेफरे, रक्ताच्या उलट्या, हर्निया, घरात कोणाला वेड. तळाशी अर्जदाराचा अंगठा आणि त्याखाली माझी सही: प्रश्न अर्जदाराच्या भाषेत समजावले, त्याने दिलेले उत्तर तसेच लिहिले. शेडमध्ये मराठी येणारा मी एकटाच होतो.

या टेबलावर सगळ्या प्रश्नांचे उत्तर 'नाही' असते, असे मजुरांच्या वस्तीत, कॅम्प-1 मध्ये, पसरले होते. एकाला मी विचारले, देवीची लस टोचली आहे का?

"नाही जी."

त्याच्या दंडावर टोचल्याचे वण होते. मी बोट दाखवले.

"हे असंच आहे," तो म्हणाला.

"अबे, याले हो म्हणाचं असते," मागचा म्हणाला.

"मंग पहिले सांगाचं ना."

अकरावा प्रश्न होता, रात्री दिसायला त्रास होतो का? डोळ्यांचा तक्ता खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात टांगलेला असे. खुणांची तोंडे कोणत्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचे. सूर्य मावळल्यावर ज्याला काहीच दिसत नाही, तोही शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर दाखवी. रातांधळेपणा ओळखण्याचा एकच मार्ग आमच्याकडे होता. विचारणे.

त्या हिवाळ्यात माझी मोठी बहीण आणि तिचा नवरा भंडाऱ्याकडच्या गावाहून माझ्याकडे आले. बहिणीला मी बाई म्हणत असे. कॅम्प-1 मधल्या माझ्या एका खोलीत आम्ही तिघे राहू लागलो. पहिल्याच आठवड्यात मला कळले. दिवेलागणीला भाऊजी खाटेवर बसले की उठत नसत. बाहेर जायचेच झाले तर बाई पुढे चाले आणि तिच्या खांद्यावर त्यांचा हात असे. शेजारीण म्हणाली, "तुमचा बुढा लई लाडाचा दिसते." बाई हसली. घरात आल्यावर मला म्हणाली, "कोणाले सांगू नको."

भाऊजींचा अर्ज खलाशाच्या, म्हणजे क्रेनवरच्या मदतनिसाच्या, जागेसाठी होता. क्रेनच्या हुकाला माल अडकवायचा, पायाभरणीच्या खोल खड्ड्यांवर टाकलेल्या फळ्यांवरून ये-जा करायची. काम तीन पाळ्यांत चाले.

ते रांगेतून माझ्या टेबलापाशी आले. पहिल्या दहा प्रश्नांना त्यांनी पटापट उत्तरे दिली. अकराव्याला थांबले.

"तुमीच लिवा जी, बाबूसाहेब." घरी ते मला तू म्हणत.

"उत्तर तुमालेच द्या लागते, भाऊजी."

"बाबूचा जवाई आहे का?" रांगेतून कोणी म्हणाले. "मंग कावून विचारून राहिले? सिधी सही करा ना."

लोक हसले. भाऊजी म्हणाले, "नाही."

मी तसे लिहिले. त्यांनी अंगठा दिला, मी सही केली. आमच्याकडे जावयाचे पाय धुतात, त्याला चारचौघांत खोटे पाडत नाहीत. हे कारण मी तेव्हा स्वतःला दिले. दुसरे कारण असे की संध्याकाळी मला त्याच खोलीत परत जायचे होते.

ते कामावर लागले. पुढच्याच आठवड्यात बालाघाटकडच्या एका माणसाने अकराव्या प्रश्नाला 'हो' म्हटले. तो परत पाठवला जाणार, असे मी धरून चाललो. डॉक्टरांनी त्याच्या पापण्या उलटून पाहिल्या, माशाच्या तेलाच्या गोळ्या दिल्या आणि महिन्याने यायला सांगितले. तो महिन्याने आला आणि पास झाला. यावर असा इलाज होतो, हे मला माहीत नव्हते. कॅम्पात कोणालाच माहीत नव्हते.

तोवर भाऊजींचे दिवस सकाळच्या पाळीत गेले होते. एका शुक्रवारी पाळ्यांची यादी लागली. सोमवारपासून त्यांना नाइट होती.

"तूच लिवलं ना, नाही म्हणून?" बाईने मला विचारले.

"त्यांनी सांगितलं तेच लिवलं."

"त्यांनी सांगितलं. अन् तुले मालूम नव्हतं?"

"जाऊ दे," भाऊजी म्हणाले. "फळी पायानं चाचपून जाईन."

"अन् क्रेनचा हुक कायनं चाचपान?"

गोळ्या मागायच्या तर नाव सांगावे लागणार होते. नाव सांगितले की फॉर्म निघणार, आणि फॉर्मवर माझी सही. गप्प राहिलो तर सोमवार येणार होता. शनिवारी दुपारी मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो आणि एका नातेवाइकाला रात्री दिसत नाही, असे म्हणालो.

"इधर काम करता है?"

"हाँ."

"फॉर्म किसने भरा?"

"मैंने."

"मालूम था?"

"था."

डॉक्टरांनी फॉर्म काढून माझ्यासमोर सरकवला. मी अकराव्या उत्तरावर आडवी रेघ मारली, वर 'येस' लिहिले, बाजूला सही आणि तारीख घातली. मी या टेबलावरून बदली मागितली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, तुमच्या भाषेचा दुसरा माणूस कुठून आणू? सोमवारी वेळेवर या.

भाऊजींना महिनाभर बिनपगारी घरी बसवले. गोळ्या मीच नेऊन देई. बाई माझे ताट वाढून ठेवी आणि परसात जाई. भाऊजी भिंतीकडे तोंड करून झोपत. महिना संपायच्या आत त्यांनी कॅम्पाच्या दुसऱ्या टोकाला झोपडी घेतली.

फेरतपासणीला ते आले. डॉक्टरांनी मला प्रश्न विचारायला सांगितले.

"आता रात्री दिसते?"

"दिसते." उत्तर देताना ते डॉक्टरांकडे पाहत होते. मी ते लिहिले आणि सही केली. डॉक्टरांनी त्यांना पास केले.

दोन दिवसांनी बाजारात बाई भेटली. वांगी निवडत होती.

"खरंच दिसते का त्यांले?" मी विचारले.

"सांगितलं ना त्यांनी."

"बाई, मी घरचा म्हणून विचारून राहिलो."

"कावून?" ती म्हणाली. "कुठं लिवाचं आहे?"

पुढच्या सोमवारपासून भाऊजींची नाइट होती. अपघात झाला तर पहिला निरोप आमच्या शेडवर येत असे. मंगळवारी मी तासभर आधी जाऊन बसलो. निरोप आला नाही. बुधवारीही मी लवकर गेलो.