गांगुर्डेबाईंची तालीम

गांगुर्डेबाईंनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. पण दर गुरुवारी संध्याकाळी त्या पदर खोचायच्या, खांद्यावर टॉवेल टाकायच्या आणि अट्टल बेवड्यासारखा एखाद्याच्या गळ्यात हात टाकायच्या. "काय रं, लय मोठा साधू झाला का? का बायको मारती?"

हे चालायचं द्वारका चौकाजवळच्या एका बालवाडीत, सत्तरच्या दशकाच्या शेवटी. दारू सोडलेल्या माणसांचा वर्ग मी तिथे चालवायचे. पगार घरापर्यंत कसा न्यायचा, भाजी कशी चिरायची, रिकामी संध्याकाळ कशी काढायची, असले विषय. बालवाडीच्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले बाप्ये ऐकायचे.

नकार द्यायचा विषय गांगुर्डेबाईंचा. त्यांचे यजमान दारूपायीच गेले. त्यांना बोलवायला येणाऱ्या मित्रांचं एकेक वाक्य बाईंनी चुलीपाशी बसून वर्षानुवर्षं ऐकलं होतं. "नवरा गेला, पाठांतर राहिलं," असं त्या म्हणायच्या.

तालमीच्या पेल्यात गुळवेलीचा काढा असे. कुणी म्हणायचा, "नको, पोट बिघडलंय."

"अरे, पोटाला हेच तर औषध!"

"सकाळी ड्युटी हाय."

"सकाळचं सकाळी. घे!" आणि तो कडू काढा त्याला खरोखर प्यायला लावायच्या. "कारण दिलं की मी वाढणार. नुसतं नको म्हण अन् गप बस. कोर्टात उभा हायेस का?"

सगळ्यांत जास्त काढा प्यायला तो बापू गवंड्याने. त्याला कारणं फार सुचायची. मूळचा नामपूरचा. तिथे पुतण्याचं लग्न निघालं. बापूची बायको कमल नुकतीच कुठे माहेराहून परतली होती. तिने माझ्यासमोरच त्याला बजावलं, "तिथे प्यालात तर परतीच्या एसटीत मी नसेन."

बाईंनी बापूला पिळून काढला. काका, मेहुणा, नवरदेव, बँडवाला, सगळे त्या एकट्याच झाल्या. निघायच्या आदल्या गुरुवारी बापू दगडासारखा "नको" म्हणू लागला.

तो परतला तो तोंड पाडून.

"प्यालास?" बाईंनी विचारलं.

"नाय. कोणी विचारलंच नाय, मावशी!" बापू भडकला होता. "हळदीला सगळे टेम्पोमागं जमलेले. मी जवळ गेलो की बाटली उपरण्याखाली. भाऊ सांगत फिरतोय, 'त्याले नका दिऊ, तो सुधरेल शे.' सुधारलाय म्हणे! मला म्हाताऱ्या बायांत बसवलं अन् दुधाचा पेला दिला! एवढी तालीम केली, सगळी पाण्यात. असा राग आला, म्हटलं आता आपणच जाऊन मागायची."

"मग?"

"निघालोच होतो. वाटेत पंगत. वाढप्यानं बुंदीची बादली हातात दिली, म्हणे, धर जरा. दोन्ही हात अडकले. मग वाढतच सुटलो. लोक पानावर आडवे पडले तरी वाढलं."

"एसटीत कमल होती का?" मी विचारलं.

"होती ना. बुंदी संपवली म्हणून भाऊ भांडायला आला, तर त्याच्याशी तीच भांडली."

बाईंनी शाबासकी दिली नाही. म्हणाल्या, "चूक माझी. न विचारणारे नातेवाईक शिकवायचे राहिले." पुढच्या गुरुवारी त्यांनी पेला सगळ्यांपुढे नेला, फक्त एकाला वगळलं. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो चुळबुळायला लागला, तशा बाई म्हणाल्या, "राग आला ना? ऊठ मग. हाताला काम दे. झाडू कोपऱ्यात हाय." त्या वर्षी बालवाडी फारच स्वच्छ राहिली.

ऐंशीच्या दशकात दम्याने बाई गेल्या. पुण्यानुमोदनाच्या जेवणाला वर्गातली बरीच माणसं आली. रडारड फारशी झाली नाही. झाली असती तर बाईंनी नक्कल केली असती. बापू बुंदीची बादली घेऊन पंगतीत फिरत होता. माझ्यासमोर आला, तशी मी पानावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "नको रे, डॉक्टरांनी साखर बंद केलीय."

त्याने माझा हात अलगद बाजूला केला आणि डावभर बुंदी वाढली.

"कारण दिलंत, मॅडम."