शिशाचा डबा आणि बाबांची वही

सातव्या महिन्यात मी तीन दिवस एका किरणोत्सर्गी डब्यावर पाय ठेवून बसले होते.

हे इथे कधी लिहिलं नाही. घरातही आम्ही तो विषय काढत नाही. पण आज बाबांना जाऊन वर्ष झालं, आणि परवा त्यांची वही सापडली.

बाबा नौदलात होते. तोफा नाहीत, बंदुका नाहीत. त्यांचं काम रेडिएशन सेफ्टी. एक्स-रे रूमच्या भिंतीतून काही बाहेर येतंय का ते मोजायचं. तिथे काम करणाऱ्यांच्या छातीवर बॅज लावायचा आणि महिन्याच्या शेवटी कुणाला किती डोस लागला ते बघायचं. अख्खी नोकरी यातच गेली.

रिटायर होऊन ते आगरदांड्याजवळच्या आमच्या कोळीवाड्यात परत आले, तेव्हा सोबत किरणं मोजायचा, स्वतः विकत घेतलेला एक छोटा मीटर होता. त्याचे सेल ते नेमाने बदलायचे. हिराकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, चिडवायचे, "दादा, या डबड्याला मासली कुठं हाय ती तरी कलते का?"

बाबा हसायचे. त्यांचं एकच सांगणं असायचं. घाबरायचं नाही, मोजायचं.

मी बाळंतपणाला माहेरी आले होते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, नारळी पौर्णिमा जवळ आलेली. सीझनच्या आधी आमच्याकडे शिसं वितळवून जाळ्यांची वजनं ओततात. शिसं मिळेल तिथून आणतात, जुनी बॅटरी म्हणू नका, पाइप म्हणू नका. त्या वर्षी काकांना भंगारात एक जड डबा मिळाला. वर लोखंडी पत्रा, आत गच्च शिसं. काका एकदम खूश.

डबा त्यांनी पडवीत ठेवला, माझ्या बाकड्यासमोर.

माझे पाय सुजायचे. मी ते त्या डब्यावर टेकवून बसायचे. गार लागायचा, बरं वाटायचं.

बाबा तेव्हा पालीला आत्याकडे गेले होते. माझं सगळं सुखरूप व्हावं म्हणून बल्लाळेश्वराला जाऊन येतो म्हणाले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी परतले. अंगणात चूल पेटलेली, वर मोठी कढई. काकांच्या हातात छिन्नी. डब्याचे दोन ढलपे त्यांनी सकाळीच काढले होते.

बाबा डब्याकडे बघत उभे राहिले.

"हिऱ्या, हे कुठून आणलंस?"

"भंगारातून. पंख्याच्या कंपनीचा हाय वाटतं. ही बग, तीन पाती."

बाबांनी प्रसादाची पिशवी खाली ठेवली.

"छिन्नी ठेव. मागे हो. अजून मागे."

मग माझ्याकडे वळून, "बाय, पाय खाली घे. ऊठ आणि रस्त्यावर जा. पळू नको, पडशील."

आवाज अगदी रोजचा. मला भीती वाटली ती त्या आवाजाची.

मीटर घेऊन ते एकटेच पडवीत गेले. मला रस्त्यावरून टिकटिक ऐकू येत होती. आधी सुटी सुटी. काकांनी सोललेल्या बाजूला गेल्यावर ती इतकी वाढली की नुसती करकर झाली. मी दोन्ही हात पोटावर ठेवले, हातांनी काही अडणार असल्यासारखे.

आत बाळ हललं. मला रडू फुटलं.

कारखान्यातल्या टाकीत माल किती आहे ते मोजायला असे डबे बसवतात, हे मला नंतर कळलं. आत किरणं सोडणारी एक बारीक गोळी असते, आणि शिसं असतं ते तिला अडवायला. काका तेच शिसं सोलून वितळवायला निघाले होते. गोळी कढईत पडली असती तर धूर अख्ख्या कोळीवाड्यात गेला असता.

बाबांनी फोन केले. सरकारी माणसं येईपर्यंत ते वाटेवर उभे राहिले, कुणाला आत सोडलं नाही. हिराकाका रस्त्यातच खाली बसले होते. "दादा, पोरीला काय व्हनार न्हाय ना?" एवढंच परत परत विचारत होते.

डबा गेल्यावर बाबांनी वही काढली. पाय कुठल्या बाजूला होते? रोज किती वेळ? झोपायचीस कुठे? मी सांगत गेले, ते लिहीत गेले. गणित मांडलं.

"डोस अगदी कमी आहे. तू न सोललेल्या बाजूला होतीस. बाळाला काही होणार नाही."

"नक्की?"

"मोजलंय."

आणि वही मिटली.

पुढचे दोन महिने मी रोज बाळ हलायची वाट बघत काढले. तासभर हललं नाही की कूस बदलून पोटाला हात लावून बसायचे. बाबा मात्र दिघीला फेरीबोटीने, इकडे मुरुडला, भंगारवाल्यांना आणि शाळांत ते तीन पात्यांचं, किरणांच्या धोक्याचं चिन्ह दाखवत फिरत होते.

सोनोग्राफीला ते आत आले नाहीत. डिलिव्हरीच्या दिवशीही हॉस्पिटलच्या दारातच थांबले. मला फार राग आला. यांच्यासाठी गणित सुटलं की विषय संपला, असं वाटलं. तो राग मी वर्षानुवर्षं धरून ठेवला, त्यांना एका शब्दाने बोलले नाही.

परवा ती वही उघडली.

पहिल्या पानावर तेच गणित. उत्तराखाली रेघ.

दुसऱ्या पानावर पुन्हा तेच. तिसऱ्यावर तेच. रोजची तारीख घालून, रोज पहिल्यापासून मांडलेलं. तेच आकडे, तेच उत्तर, दोन महिने.

शेवटच्या पानावर गणित नाही. रेवाच्या जन्माची तारीख, आणि खाली एकच ओळ.

"बाळ रडलं. दारातून ऐकलं."

बाबा, रेवाला साधा ताप आला तरी माझ्या कानात अजून ती करकर सुरू होते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, घाबरू नको, मोज. मोजूनही तुम्ही किती घाबरला होतात, ते मला आता कळलंय.

रेवा सात वर्षांची झाली. धडधाकट आहे, भांडखोर आहे.

तुमचं उत्तर बरोबर होतं, बाबा. आता वही मिटा, आणि शांत झोपा.